मापाचा ब्लाउज

आफरीनच्या दुकानाच्या पाटीवर जी बाई रंगवलीय, तिच्या अंगातला ब्लाउज माझा आहे. म्हणजे माझ्या डोक्यातला, माझ्या हातचा आणि पहिल्यांदा माझ्याच अंगावरचा. त्या बाईच्या मांडीवर बाळ आहे, नाकात नथ आहे, पदराच्या चुण्या जागच्या जागी आहेत आणि ती हसतेय. शेजारी लाल अक्षरांत परवापरवापर्यंत लिहिलं होतं, ‘आफरीन. लेकुरवाळ्यांचे फॅशन ब्लाउज.’

पुंडलिकनगरात दूध आणायला, गिरणीत, संस्कृतीला लसीला न्यायला, कुठंही निघालं तरी मला त्या पाटीखालूनच जावं लागतं. संस्कृती चौदा महिन्यांची आहे. तिला ती बाई लई आवडते. कडेवरून बोट दाखवून रोज ओरडते, “आई! आई!” मी म्हणायचे, “व्हय गं माझ्या राणी, आईच ती.” आणि मान खाली घालून पुढं निघायचे.

आफरीन आणि मी सांडू मॅडमच्या शिवणक्लासला एका मशिनवर दोघी होतो. मॅडमनी एकदा तिनं जोडलेली बाही सगळ्यांपुढं उलटी करून धरली. “ही बघा. अशी जोडायची नसते.” मग माझी धरली. “आणि ही बघा, अशी.” सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्यानं आफरीनच हसली. म्हणाली, “मॅडम, माझ्या बाहीत दुसरा हात पण जाईल, डबल फायदा.” तिला कधी कशाचं वाईटच वाटायचं नाही. मला तेव्हाही त्याचा हेवा वाटायचा, पण तेव्हा मला कौतुक मिळत होतं, म्हणून चाललं.

क्लास संपल्यावर मी घरीच पुढच्या खोलीत मशिन टाकलं. आठ वर्षं झाली. लग्नसराईत सकाळी सातला बसले की जेवायला उठायचंही भान नसायचं. माझ्या ब्लाउजला दुसऱ्यांदा फिटिंग करावं लागत नाही, हे पुंडलिकनगरात कुणालाही विचारा. आफरीन मात्र पडेगावहून रोज येऊन गुलमंडीतल्या एका साडीच्या दुकानाबाहेर मशिन घेऊन बसायची. फॉल-पिको. सरळ शिलाई, बस्स. तिला तेवढंच बरं जमायचं.

आता ब्लाउजचं सांगते. हल्ली सगळ्यांना मागून हुक पाहिजेत, पुढून प्रिन्सेस कट. दिसायला छान, पण अंगावर पाजणारीच्या काही कामाचा नाही. तिनं लग्नाकार्यात एकतर साधा पुढून हुकांचा ब्लाउज घालून कोपऱ्यात बसायचं, नाहीतर बाळ रडलं की उठून आतल्या खोलीत जायचं आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत बाहेर यायचं नाही. संस्कृतीच्या बारशाला मला हे नको होतं. माझ्याच लेकीचं बारसं आणि मीच आत? मी प्रिन्सेस कटच्या दोन्ही शिवणींत बारीक चेन लपवली. पदराखाली हात घातला की उघडते, मिटली की शिवणच वाटते.

बारशाला पाळण्याशेजारी बसून, गाणी चालू असताना, मी तिला पाजलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त आफरीन माझ्याकडं टक लावून बघत होती. ती सरकत सरकत जवळ आली.

“तनु, तू आत्ता काय केलंस?”

“लेकराला पाजलं. काय करणार?”

“ते दिसलं मला. कसं केलंस?”

मी पदराखाली तिचा हात घेऊन चेन दाखवली. ती इतक्या मोठ्यानं “या अल्ला!” म्हणाली की पाळण्याभोवतीचं गाणं थांबलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि मी तिला वर्तमानपत्रावर काढलेलं कटिंग घडी घालून दिलं. म्हणाले, “घे गं, कोण विचारतंय याला.”

हे माझे शब्द आहेत. ‘कोण विचारतंय याला.’

पुढचं मला तिनंच हसत हसत सांगितलं होतं. त्या साडीच्या दुकानात एक बाई भावाच्या लग्नासाठी साडी बघत होती. कडेवर तीन महिन्यांचं बाळ. हातातली पैठणी तिनं एकदम ठेवून दिली. म्हणाली, “नको. मी कुठं बाहेर बसणारंय, आतच बसावं लागणार.” दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. आफरीन मशिनवरून उठली.

एवढंच. ती उठली.

त्या बाईचा धरून पहिले तीन ब्लाउज तिनं माझ्याकडूनच शिवून नेले. चौथ्या वेळी आली तेव्हा म्हणाली, “तनु, हे लई चालणार बघ. आपण दोघी मिळून करू. तू काप, मी बाया आणते.” माझ्यापुढं तीस ब्लाउजांचा ढीग पडला होता. पायाशी संस्कृती झोपली होती. मी मान वर न करता म्हणाले, “आधी हातातलं संपू दे, मग बघू.” महिन्यानं परत आली. तेव्हाही ढीग होताच. तेव्हाही मी तेच म्हणाले. हे मी कुणाला सांगत नव्हते. लोकांना सांगायचे की तिनं माझं डिझाइन उचललं.

वर्षाच्या आत तिचं दुकान झालं. चार मशिनी, चार बाया. मोबाइलवर तिचे व्हिडिओ. बजाजनगरहून, वाळूजहून बाया यायला लागल्या. माझ्याच दारावरून जाताना विचारायच्या, “ताई, ते आफरीनचं दुकान कुठं आलं?” मी बोट दाखवायचे.

घरात माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, तोंड सोडून बसलेल्या. “तिनं तुझं बघून दुकान थाटलं अन् तू माझ्या गाऊनला ठिगळं लावत बस.” माझे मालक, शिवराज, कंपनीतून आले की समजूत घालायचे. “जाऊ दे तनु. तुझ्या हाताची सर तिला येणार नाय.” ते प्रेमानंच म्हणायचे. पण मला अजून लागायचं. सगळे माझ्या हाताचंच बोलतात. हात माझ्याकडं होताच, तरी पाटी तिची लागली.

मागच्या महिन्यात न राहवून मी तिच्या दुकानात गेले. निमित्त काय, तर काळा दोरा संपलाय. आफरीननं मला पाहिल्याबरोबर कात्री टाकली आणि संस्कृतीला माझ्याकडून ओढून घेतलं. “आगं माझी मॉडेल आली! हिच्यामुळं तर दुकान उभं हाय.” तिनं तिच्या चारही बायांना सांगितलं, “ही तनुजा. ही नसती तर मी अजून फॉलच लावत बसले असते.” खरं सांगते, ती असं मोकळेपणानं बोलली ना, की मला ती अजूनच आवडेनाशी झाली. लबाड असती तर सोपं गेलं असतं.

टेबलावर सहा पिशव्या होत्या. नानासाहेब म्हणून पैठण रोडकडचे मोठे बागाईतदार आहेत, त्यांच्या नातीचं लग्न. घरातल्या लेकी, सुना, चुलत जावा मिळून सहा जणी लेकुरवाळ्या. सहा जणींना हळदीला एकसारख्या पिवळ्या साड्या आणि तसेच ब्लाउज. त्यांची नातसून प्रेरणा सहा पिशव्या देऊन गेली होती. प्रत्येक पिशवीत ब्लाउजपीस आणि मापाचा ब्लाउज.

आपल्याकडं हीच रीत. अंगावर टेप लावून घ्यायला बायांना आवडत नाही, वेळही नसतो. अंगाला बरोबर बसणारा एक जुना ब्लाउज पिशवीत घालून द्यायचा, शिंपिणीनं त्यावरून कापायचं. आठ वर्षं मी तसंच करत आलेय.

मी सहज प्रेरणाच्या पिशवीतला ब्लाउज काढून उलटा केला. आणि माझा हात थांबला.

आतल्या जादा शिलाया तशाच होत्या, एकही उसवलेली नाही. हुकांची चमक गेली नव्हती. जरीचं काम होतं गळ्याला. हा तिच्या लग्नातला ब्लाउज होता. बाळंतपणानंतर बाई वर्षभर गाऊनवर असते, नवीन काही शिवतच नाही. मग ‘बरोबर बसणारा’ म्हणून ती कोणता काढणार? लग्नातलाच. आणि अंगावर पाजणाऱ्या बाईचं अंग लग्नातलं कुठं राहतं! माझंच सकाळी एक माप असतं, दूध पाजून झालं की दुसरं. आफरीनला हे कसं कळणार. तिचं लग्न झालेलं नाही, तिला लेकरू नाही. आणि सहाच्या सहा पिशव्यांत तेच असणार होतं. एरवी बाया दुकानात येऊन घालून बघतात, कमीजास्त करून घेतात; या सहा जणी थेट हळदीच्या दिवशीच घालणार होत्या.

वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ‘आफरीन, यावरून कापू नको.’

तेवढ्यात ती म्हणाली, “तनु, तू माझ्याकडं कटिंगला येत जा ना. दहा ते पाच. लेकराला घेऊन ये, इथं झोळी बांधू. महिन्याच्या महिन्याला पगार देईन.”

पगार. माझ्याच ब्लाउजवर, मला.

मी प्रेरणाचा ब्लाउज सुलटा केला, घडी घातली, पिशवीत ठेवला. “विचार करून सांगते,” म्हणाले आणि दोरा घेऊन निघाले. दोऱ्याचे पैसे तिनं घेतले नाहीत.

पुढचे नऊ दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. भाजी चिरताना वाटायचं, आज कापले असतील. कपडे वाळत घालताना वाटायचं, आज हुक लावत असतील. फोन करावा असं रोज वाटायचं आणि रोज मी संस्कृतीचं काहीतरी काम काढायचे. तिची नखं मी त्या नऊ दिवसांत तीनदा कापली. मला तिचं दुकान बुडायला नको होतं. तिची फक्त एकदा फजिती व्हायला पाहिजे होती, लोकांसमोर, मॅडमनी बाही उलटी धरली होती तशी. आणि या वेळी तिनं हसू नये, एवढंच. संस्कृती अंगावर पिताना मधेच तोंड सोडून रडायची. आत्याबाई म्हणाल्या, “मन थाऱ्यावर नाय तुझं. लेकराला बरोबर कळतं ते.”

दहाव्या दिवशी सकाळी अकराला तिचा फोन आला. आफरीन रडत नव्हती, पण आवाज पार बसला होता. “तनु, एकीला पण बसंना. हुकच लागत नाहीयेत. चारला हळद आहे. बीड बायपासच्या लॉन्सवर ये. मी मशिन घेऊन निघालेय.”

नऊ दिवस ज्याची वाट बघितली ते झालं होतं. पण आनंद व्हायच्या आधीच मी कात्री, टेप आणि संस्कृतीचे दोन लंगोट पिशवीत टाकले होते. हाताला सवय, दुसरं काय.

लॉन्सवरच्या खोलीत सहा बाया, सहा लेकरं आणि एक पंखा. लेकरं आळीपाळीनं रडत होती. प्रेरणाच्या सासूबाई दारात उभ्या राहून आफरीनला बोलत होत्या, “एवढ्या व्हिडिओत मिरवतेस, अन् साधं माप कळत नाय व्हय?” आफरीन मान हलवत म्हणत होती, “चूक माझीच आहे, काकू. दुसऱ्या कुणाची नाय. सगळ्या चारला तयार दिसतील, ही माझी जबाबदारी.”

‘दुसऱ्या कुणाची नाय.’ मी संस्कृतीला सतरंजीवर बसवलं आणि तिच्याकडं न बघता ब्लाउज उलटे केले. शिलाया सोडून भागणार नव्हतं, आफरीननं आत कापड कमी ठेवलं होतं. काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी पट्टी घालावी लागणार होती.

“पिवळं कापड कुठून आणायचं?” आफरीन म्हणाली. “गुलमंडीत जाऊन येईपर्यंत दोन वाजतील.”

“साड्या द्या इकडं,” मी म्हणाले. साडीचं आत खोचायचं टोक कुणाला दिसत नाही. मी प्रत्येक साडीचं वीतभर टोक कापायला घेतलं. प्रेरणाच्या सासूबाईंनी “आगं बाई, कोऱ्या साडीला कात्री!” म्हणून तोंडावर पदर धरला, तोवर माझ्या तीन साड्या कापून झाल्या होत्या.

मी एकेकीला उभी करून अंगावरून टेप लावलं आणि मशिनवर बसले. त्यानंतर मला फक्त सुई दिसत होती. पण कान उघडे होते.

आफरीन माझ्यामागं सतरंजीवर त्या बायांमध्ये जाऊन बसली होती. कुणाचं तरी रडकं बाळ तिनं खांद्यावर घेतलं होतं. आधी माफी मागून झाली. मग तिनं विचारलं, “मला एक सांगा ना. सकाळी किती घट्ट होतं आणि पाजल्यावर किती सैल?” बाया लाजल्या, मग हसल्या, मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. एकीला रात्रीतून फरक पडतो. एकीला एकाच बाजूला जास्त. एक म्हणाली, “माझं लग्नातलं माप आता माझ्या स्वप्नात पण येत नाय.” हशा झाला. आफरीन म्हणाली, “मग काखेखाली नाडी दिली तर? आतून. आपली आपण ओढायची, आपली आपण सोडायची. एकाच ब्लाउजची दोन मापं.” मग प्रेरणा म्हणाली, “मला सत्यनारायणाला पाहिजे तसला. दोन शिवा.”

साडेतीनपर्यंत माझे सहा ब्लाउज पुरे झाले. तोपर्यंत आफरीनकडं बारा ब्लाउजांची नवीन ऑर्डर होती. ज्या खोलीत तिला शिव्या बसल्या, त्याच खोलीत. मी पाठ मोडून तिची फजिती निस्तरली आणि तेवढ्या वेळात तिनं तिथूनच पुढचा धंदा उचलला. मला इतका हेवा कधी वाटला नव्हता. बारशाच्या वेळी मी तिला चेन तरी दाखवली होती. आज तर मी खोलीतच होते, त्याच बाया, तेच बोलणं, आणि सकाळी एक माप नंतर दुसरं हे तर मला माझ्याच अंगावरून ठाऊक होतं. तरी नाडी तिला सुचली.

निघताना प्रेरणा हळदीच्या साडीत झोकात उभी राहिली आणि मला म्हणाली, “ताई, काय हात चालतो तुमचा! आफरीनताईंनी कारागीर चांगली ठेवलीय.”

रिक्षात आफरीनच्या मांडीवर मशिन होतं, माझ्या मांडीवर संस्कृती झोपली होती. तिच्या गालाला हळद लागली होती, कुणीतरी कौतुकानं लावलेली.

“तनु, एक विचारू?”

“विचार.”

“त्या दिवशी तू दुकानात प्रेरणाचा ब्लाउज उलटा केला होतास. मग घडी घालून ठेवलास. तुझं तोंड बघितलं होतं मी. मला वाटलं, शिलाईत काही चुकलं असेल.” ती समोर बघत होती. “तुला कळलं होतं ना?”

नाही म्हणता आलं असतं.

“कळलं होतं.”

“मग सांगितलं का नाय?”

“जळत होते मी.”

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. “भैया, सामने देखो,” आफरीन त्याच्यावर खेकसली. मग माझ्याकडं वळली. “मी तुला दोनदा बोलावलं होतं. दोनदा तू म्हणालीस, हातातलं संपू दे. तुझं संपेपर्यंत मी थांबायचं होतं का?”

“नाय.”

“मग कशावरून जळतेस?”

“तू थांबली नाहीस आणि तेच बरोबर होतं, म्हणून.”

तिनं डोळे पुसले, मनगटानं, रागानं. “मला लई राग आलाय तनु. त्या काकूंचं बोलणं तुझ्यामुळं ऐकलं मी. घरी जाऊन रडणार आहे.”

“रड.”

“हौ, रडणारच. पण सोमवारी बारा ब्लाउज कापायला घ्यायचेत, नाडीचे. अन् ते मला कापता येत नाय.” हे ती मला सांगत नव्हती. स्वतःशीच बोलत होती, मशिनवर बोटं वाजवत.

मी तिच्याकडं बघितलं. माझ्या मांडीवर लेकरू होतं, पाठ ठणकत होती, आणि हातात पहिल्यांदाच काही काम नव्हतं. नेहमीचं वाक्य तोंडात आलं, ‘दे गं, कापून देते.’ त्या बाईनं पैठणी ठेवून दिली तेव्हा आफरीनला काय दिसलं असेल, ते मला आत्ता दिसत होतं. रिक्षा सिग्नलला थांबली होती. सुटली की वेळ गेली असती.

“पगारावर येणार नाही मी,” मी म्हणाले. “भागीत येईन. मापं मी घेणार, बाईच्या अंगावरून, लेकरू पाजायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. दुकानात मापाचा ब्लाउज दिसला नाही पाहिजे. आणि पाटीवर माझं नाव.”

आफरीननं बोटं वाजवायची थांबवली. सिग्नल सुटला. रिक्षा पुढं गेली, एक चौक, दुसरा चौक. संस्कृती झोपेत चुळबुळली, मी तिला थोपटलं.

“मी आज तुझ्यावर चिडलेय,” ती शेवटी म्हणाली, “आणि तू आजच भागी मागतेस?”

“हो. उद्या तुझा राग जाईल. मग तू मला पगारच देशील.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. “कुठं पाहिजे?”

“काय कुठं?”

“नाव. पाटीवर. खाली, का बाजूला?”

खाली चालेल, असं मी म्हणणारच होते. म्हणाले, “बाजूला. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.”

पाटी आठवड्याभरात झाली. पेंटरनं जुनीच बाई ठेवली, नावं नव्यानं रंगवली, ‘आफरीन-तनुजा’. आत्याबाई मुद्दाम बघायला आल्या आणि म्हणाल्या, “तिचं आधी का?” संस्कृती अजूनही बोट दाखवून “आई! आई!” ओरडते. मी आता थांबते, तिच्याबरोबर वर बघते.

काल आफरीन माल आणायला गेली होती. बाया जेवायला गेल्या होत्या, दुकानात कुणी नव्हतं. मी स्टुलावर चढून दोन्ही नावांना टेप लावून बघितलं. तिचं नाव माझ्या नावापेक्षा अर्धा इंच उंच आलंय.

ती आली की सांगणार आहे. या वेळी गप्प बसणार नाही.